एल्फिन्स्टन आडनावाचा माणूस भेटला, म्हणजे गव्हर्नरसाहेबांचा वंशज भेटला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी शिकायला स्कॉटलंडमधल्या डंडीला आहे आणि तिच्या घरमालकांचं आडनाव एल्फिन्स्टन आहे. ‘तुमच्या मुंबईचे गव्हर्नर आमच्याच घरातले’ असं ते तिला सांगतात. तुमचं सगळं आयुष्य परळला गेलं, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा जिना रोजचा, म्हणून तुम्हाला उत्सुकता वाटली. हे आडनाव मूळ कुठलं, त्याचा हत्तीशी किंवा दगडाशी काही संबंध आहे का, आज ही माणसं कुठे कुठे आहेत, आणि आडनाव इतकं दुर्मिळ आहे तर सगळे एल्फिन्स्टन एकाच रक्ताचे असणार, हे बरोबर आहे का?

एडिंबरोमध्ये लोकांच्या घराण्यांचा शोध घेऊन देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे. आडनावं बदलतात, पण हा शेवटचा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो. तुमचा खरा प्रश्नही तोच आहे असं मी धरते, कारण घरमालक खरं बोलतात की नाही हे त्याच्यावरच ठरतं. आडनावाचा उगम शोधणं त्यामानाने सोपं असतं. उगम एक असला की माणसंही एका घरची, हे मात्र त्यातून निघत नाही.

आधी गव्हर्नरांचं पाहू. मुंबईला एल्फिन्स्टन नावाचे दोन गव्हर्नर होऊन गेले आणि लोक त्यांची नेहमी सरमिसळ करतात. पहिले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. १७७९ साली डम्बार्टनला जन्म, अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे चौथे चिरंजीव, पुण्याच्या दरबारातले इंग्रजांचे रेसिडेंट, १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली तेव्हाही त्याच पदावर, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर. एल्फिन्स्टन कॉलेज यांच्या नावाचं. दुसरे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्ट यांच्या थोरल्या भावाचे चिरंजीव, म्हणजे सख्खे पुतणे. हे १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १८५७ चा उठाव यांच्याच कारकिर्दीत झाला. तुमचं स्टेशन, जे २०१८ पासून प्रभादेवी झालं, ते या पुतण्याच्या नावाचं होतं. हॉर्निमन सर्कलचं जुनं नाव एल्फिन्स्टन सर्कल, तेही यांच्याचवरून.

आता महत्त्वाची गोष्ट. या दोघांनीही लग्न केलं नाही. माउंटस्टुअर्ट १८५९ मध्ये वारले, पुतणे पुढच्याच वर्षी. त्यामुळे ‘मी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा थेट वंशज’ असं कुणी म्हणालं तर कागदोपत्री तरी त्याला आधार मिळणार नाही. पुतण्यानंतर लॉर्ड हा किताब चुलत घराण्यात गेला. पण तुमचे घरमालक ‘वंशज’ म्हणत नाहीत, ‘आमच्या घरातले’ म्हणतात. तो भावकीचा दावा आहे आणि भावकी असू शकते. ती आहे की नाही हे कशावर ठरतं, ते समजायला आडनावाच्या मुळाशी जावं लागेल.

एडिंबरोच्या पूर्वेला ईस्ट लोदियन नावाचा परगणा आहे. तिथे ट्रॅनेंट नावाचं कोळशाच्या खाणींचं जुनं गाव आहे आणि त्याच्याजवळ एल्फिन्स्टन नावाचं लहानसं खेडं. आडनाव या खेड्याचं. नावाचा पहिला भाग बहुधा कुणा जुन्या माणसाचं नाव आहे. दुसरा भाग मुळात ‘टून’, म्हणजे वाडी, शेतवस्ती. त्याचा ‘स्टोन’ लेखनात नंतर झाला. जॉनस्टोन, लिव्हिंगस्टोन ही आडनावंही अशीच. त्यांतही दगड नाही, कुणा जॉनची आणि कुणा लेव्हिंगची वाडी आहे. हत्तीची कल्पनाही जुनी आहे. काही जुन्या लेखकांनी हे घराणं जर्मनीतल्या हेल्फेनश्टाइन सरदारांशी जोडून दिलं होतं आणि त्या सरदारांच्या ढालीवर खरोखरच हत्ती आहे. पण एल्फिन्स्टनांच्या ढालीवर तीन रानडुकरांची मुंडकी आहेत, आणि आडनाव चिकटायला लागण्याच्या काळात ट्रॅनेंटजवळची वाडी त्याच नावाने नांदत होती. हाताशी गाव असताना जर्मनीला जायची गरज नाही. रानडुकरांची मुंडकी बेरिकशरच्या स्विंटन घराण्याच्या चिन्हावरही आहेत, म्हणून एल्फिन्स्टन ही स्विंटनांची शाखा असावी असं मानलं जातं. मला ते पटण्यासारखं वाटतं. पण गॉर्डन घराण्याच्या चिन्हावरही रानडुकरंच आहेत, म्हणून केवळ ढालीवरून नातं ठरवू नये.

आता कल्पना करा की एखाद्या गावात चिपळूणकर आडनावाची दोन कुटुंबं राहतात. ती एकमेकांची भाऊबंद आहेत असं आपण धरून चालतो का? नाही. दोघांचे पूर्वज कधीतरी चिपळूणहून निघाले एवढंच त्या आडनावावरून कळतं. एक ब्राह्मण असेल, एक सोनार असेल, एक महार असेल. शिवाय चिपळुणात राहून कुणी चिपळूणकर होत नाही, कारण तिथे सगळेच तिथले. गाव सुटलं की गावाचं नाव मागे लागतं. स्कॉटलंडच्या सखल भागातली गावावरून पडलेली आडनावं याच वाटेने आली. एल्फिन्स्टनची जमीन ज्याच्या ताब्यात तो सरदार स्वतःला ‘एल्फिन्स्टनचा अमुक’ म्हणवून घेई, ही एक वाट. तिथला एखादा कूळ, गवंडी किंवा चांभार लीथच्या बंदरात किंवा एडिंबरोत पोट भरायला गेला की तिथले लोक त्यालाही तेच म्हणत, ही दुसरी. दोघांची आडनावं लिहिताना एकसारखी दिसतात. शंभर-दोनशे वर्षं गेली की दुसऱ्याच्या वंशजांना आपण पहिल्याचे आहोत असं मनापासून वाटू लागतं. यात कुणी खोटं बोलत नसतं. आडनावानेच त्यांना तसं सांगितलेलं असतं.

म्हणजे आडनाव दुर्मिळ असण्याचं कारण गाव लहान होतं आणि त्याचं नाव दुसरीकडे फारसं कुठे नव्हतं, हे आहे. मूळ पुरुष एकच होता हे त्याचं कारण नव्हे. लोहारावरून पडलेलं स्मिथ हे आडनाव जिथे लोहार तिथे उगवलं, म्हणून ते अमाप आहे. एल्फिन्स्टन ज्या एका ठिकाणी उगवलं तिथे माणसंच थोडी.

‘एका ठिकाणी’ म्हटलं खरं, पण या आडनावात एक गुंतागुंत आहे, आणि मला या आडनावाची गोडी तिच्यामुळेच आहे. १४३५ साली पायपरडेनच्या लढाईत त्या वेळचा जहागीरदार अलेक्झांडर एल्फिन्स्टन मारला गेला. मागे मुलगी होती, ॲग्नेस. ती जॉनस्टोन घराण्यात दिलेली. इस्टेटीवरून तंटा झाला आणि वाटणी होऊन ईस्ट लोदियनमधलं मूळ एल्फिन्स्टन मुलीकडे, म्हणजे जॉनस्टोनांकडे गेलं. पुरुषांच्या शाखेला स्टर्लिंगशरमध्ये फोर्थ नदीकाठी एअर्थजवळची जमीन मिळाली. त्यांनी त्या नव्या जागेलाही एल्फिन्स्टनच नाव दिलं. गावावरून आडनाव आलं होतं, आता आडनावावरून दुसरं गाव झालं. नदीकाठच्या वस्तीला एल्फिन्स्टन पॅन्स म्हणत, तिथे मिठागरं होती म्हणून. १७५४ मध्ये डनमोरच्या अर्लने ही इस्टेट विकत घेतली आणि पुढे ‘डनमोर’ हेच नाव रूढ झालं. तिथे अननसाच्या आकाराचा घुमट असलेली एक इमारत आहे, १७६१ ची. मुलीला कधी फॉल्कर्कला जायचं झालं तर ती जरूर पाहू दे. एल्फिन्स्टनांचा जुना बुरूजही त्याच परिसरात आहे, पण आज तो डनमोरचा बुरूज म्हणून ओळखला जातो.

या वाटणीचा शोधावर थेट परिणाम होतो. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून ईस्ट लोदियनचं एल्फिन्स्टन एल्फिन्स्टनांच्या ताब्यात नव्हतं. तिथला मोठा बुरूज जॉनस्टोनांचा होता. १५४६ मध्ये जॉर्ज विशार्ट या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाला पकडून त्याच बुरुजात ठेवलं होतं, तेव्हाही. (खाणींमुळे जमीन खचल्याने १९५५ मध्ये त्या बुरुजाचा बराचसा भाग पाडावा लागला.) त्यामुळे १७००-१८०० च्या आसपास ट्रॅनेंट, प्रेस्टनपॅन्स, मसलबर्ग या पट्ट्यात एखादं एल्फिन्स्टन कुटुंब सापडलं, तर ते लॉर्डांच्या घरातलं असेल असं मी आधी धरत नाही. उलट गावावरून नाव पडलेलं साधं कुटुंब असेल असं धरते आणि कागद काय म्हणतात ते पाहते. एअर्थकडे असेल तर दोन्ही शक्यता सारख्या. घराणं तिथे होतं, पण घराण्याच्या जमिनीवर राबणारेही तिथेच होते.

सरदारांचं घराणं मात्र पुढे चांगलंच पसरलं, आणि नकाशावर हे आडनाव जिथे जिथे दाट दिसतं त्याचं एक कारण तेही आहे. पहिले लॉर्ड एल्फिन्स्टन यांना १५१० मध्ये किताब मिळाला आणि १५१३ मध्ये ते फ्लॉडनच्या रणात पडले. त्यांचा मुलगा, दुसरे लॉर्ड, १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत पडले, मूळ एल्फिन्स्टन गावापासून जवळच. उत्तरेत ॲबर्डीनशरमधला किल्ड्रमी किल्ला बराच काळ त्यांच्याकडे होता. त्याच भागात लोगीला एक शाखा रुजली. फाइफमध्ये जेम्स एल्फिन्स्टन हे बॅलमेरिनोचे लॉर्ड झाले. त्या ओळीचा शेवट मोठा दुःखद आहे. सहावे लॉर्ड, आर्थर, १७४५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या बंडात उतरले आणि १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. मूलबाळ नव्हतं. ऑर्क्नी बेटांवरही एक शाखा होती. या सगळ्यांच्या आधी, १४३१ मध्ये ग्लासगोला जन्मलेले बिशप विल्यम एल्फिन्स्टन हे माझ्या मते या आडनावाचे सर्वांत थोर धनी. ॲबर्डीनचं विद्यापीठ १४९५ मध्ये त्यांनी उभं केलं आणि स्कॉटलंडमध्ये छपाई आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांचे वडील धर्मगुरू होते, म्हणजे लग्न करायची मुभा नसलेले. बिशपांचा जन्म विवाहबाह्य. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं आडनाव बापाकडून सरळ रेषेत आलं की काम झालं. ती रेषा जुन्या काळापासूनच सरळ नाही, आणि त्यात कमीपणाही काही नाही.

रेषा वाकवणारी दुसरी गोष्ट म्हणजे वारसा. मोठ्या घरात जमीन मुलीकडून जावयाकडे गेली की जावई सासरचं आडनाव जोडून घेई, कधी कधी ती अटच असे. लोगीची वारसदार मेरी एल्फिन्स्टन डॅलरिंपल घराण्यातल्या एका जनरलला दिली. त्यांची मुलं डॅलरिंपल-हॉर्न-एल्फिन्स्टन झाली. बापाकडून बघाल तर ती डॅलरिंपल. त्यांच्यापैकी सर रॉबर्ट यांनी इन्व्हरुरीपासून ॲबर्डीनपर्यंतच्या कालव्यासाठी पुष्कळ खटपट केली. कालवा १८०५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या टोकाच्या धक्क्याला पोर्ट एल्फिन्स्टन म्हणू लागले. ती वस्ती आजही आहे. म्हणजे तिसरं एल्फिन्स्टन. खुद्द लॉर्डांच्या घरातही १८६० नंतर ज्या चुलत ओळी आल्या त्यांच्या नावांत फ्लेमिंग, फुलर्टन, बुलर अशी जोडआडनावं दिसतात, सगळी वारशाने आणि लग्नांनी आलेली. तुमच्या घरमालकांच्या जुन्या कागदांत असं जोडआडनाव निघालं तर ती मोलाची खूण समजा. गरिबाला दोन आडनावं घ्यायचं कारण पडत नसे.

आता ‘आज हे लोक कुठे असतात’ याबद्दल. इंटरनेटवर आडनावांचे रंगीत नकाशे मिळतात, बहुतेक १८८१ च्या जनगणनेवर बेतलेले. ते उपयोगी आहेत, पण दुर्मिळ आडनावासाठी जपून वापरावेत. मुळात माणसं थोडी असली की आठ मुलांचं एखादं कुटुंब लीथला राहायला गेलं तरी तिथला रंग गडद होतो. १८८१ पर्यंत तर अर्धा देश गाव सोडून ग्लासगो, डंडी, एडिंबरोच्या गिरण्या-कारखान्यांत आलेला होता. डंडी ताग गिरण्यांचं शहर. तिथे चहूकडून माणसं आली. त्यामुळे तुमच्या घरमालकांचं घर डंडीत आहे यावरून मी काहीच अनुमान काढणार नाही. त्यांचे पणजोबा कुठे जन्मले यावरून काढेन. नकाशा मी फक्त शोध कुठून सुरू करायचा हे ठरवायला वापरते. आणि गावांची नावं आडनावाच्या नकाशात मिसळू नका. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात एल्फिन्स्टन नावाचं गाव आहे, महाबळेश्वरला एल्फिन्स्टन पॉइंट आहे. तिथे एल्फिन्स्टन राहत होते असा त्याचा अर्थ नाही.

परदेशातली एक शाखा मात्र सांगायलाच हवी, कारण ती अगदी अनपेक्षित आहे. जॉन एल्फिन्स्टन नावाचे एक नौदल अधिकारी रशियाच्या कॅथरीन राणीच्या सेवेत गेले आणि १७७० मध्ये चेस्मेला तुर्की आरमाराचा धुव्वा उडवणाऱ्या रशियन आरमारात ॲडमिरल होते. घराण्याचे काही लोक बाल्टिक किनाऱ्यावर राहिले. त्याच घराण्यातले सर हॉवर्ड एल्फिन्स्टन १८२९ मध्ये रशियाच्या अमलाखालच्या लिव्होनियात जन्मले आणि १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात रशियाविरुद्ध लढून त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नुसत्या जन्मस्थळावर विसंबून शोध घेतला असता तर हे कुटुंब स्कॉटिश आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

शोध कसा घ्यायचा ते आता सांगते. नियम एकच: आजच्या माणसापासून मागे जायचं, लॉर्डांपासून पुढे यायचं नाही. ज्यांना वरून खाली यायची घाई असते ते १८०० च्या आसपासच्या एखाद्या जॉन एल्फिन्स्टनपाशी येऊन थांबतात आणि ‘हाच आमचा’ म्हणून गाठ मारून टाकतात. जॉन नावाचे त्याच वेळी चार जण असतात. लॉर्डांच्या घराण्याचा दोन खंडांचा कुलवृत्तांत विल्यम फ्रेझर यांनी १८९७ मध्ये सिद्ध केला. तो चांगला आहे, पण तो त्या घराण्याचा. त्यात नाव नसणं म्हणजे माणूस नव्हता असं नाही, आणि सारखं नाव असणं म्हणजे तोच माणूस असंही नाही.

स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली, आणि त्या नोंदी फार उत्तम आहेत. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडील दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही बाजूंच्या आईवडिलांची. इकडे बायका लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचं आडनाव राखून असत, त्यामुळे आईकडची बाजू हरवत नाही. दुर्मिळ आडनाव असेल तर हा मोठाच फायदा. जॉन एल्फिन्स्टन चार असले तरी आयझोबेल क्लार्कशी लग्न झालेला जॉन एल्फिन्स्टन बहुतेक एकच निघतो. (हे नाव मी उदाहरणादाखल घेतलंय.) हे सगळं ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतं. खाजगीपणासाठी जन्माच्या १००, लग्नाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांच्या आतल्या नोंदींचं चित्र तिथे थेट उघडत नाही, दाखला मागवावा लागतो. १८४१ पासूनच्या जनगणनाही तिथेच आहेत. सुरुवातीलाच १८५१ ची जनगणना गाठा, कारण जन्माची पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, तेव्हापासून लिहू लागले. १८४१ मध्ये फक्त त्याच परगण्यात जन्म झाला की नाही एवढंच कळतं.

१८५५ च्या मागे गेलात की चर्चच्या वह्या लागतात. तिथे संयम हवा. बाप्तिस्म्याची नोंद करायची सक्ती नव्हती, नोंदीला पैसे पडत, गरिबांची नोंद राहून जाई. १८४३ मध्ये चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फुटून निघालेल्यांच्या नोंदी वेगळ्या वह्यांत गेल्या. खाणी आणि मिठागरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. १६०६ च्या कायद्याने स्कॉटलंडमधले कोळसा आणि मिठाचे कामगार मालकाला बांधील केले होते. परवानगीशिवाय दुसरीकडे काम करता येत नसे. ते पूर्ण सुटले ते १७७५ आणि १७९९ च्या कायद्यांनी. ट्रॅनेंटच्या खाणी आणि एल्फिन्स्टन पॅन्सची मिठागरं याच व्यवस्थेवर चालत. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच पॅरिशमध्ये अडकून पडली. म्हणून त्यांचा माग लागला तर पुष्कळ मागे जातो. चर्चची वही नसेल तर मालकाच्या हिशेबाच्या चोपड्यांत, चर्चच्या पंचसभेच्या इतिवृत्तात. मला ही कुटुंबं शोधायला सगळ्यांत जास्त आवडतात. लॉर्डांचं कुणीतरी लिहून ठेवलेलंच असतं. यांचं नाव त्या चोपडीतून कुणी काढलं नाही तर ते कायमचं तिथेच राहतं.

स्पेलिंगवर अडून बसू नका. शेवटी ‘ई’ असलेलं, नसलेलं, मध्ये ‘जी’ घुसलेलं, सगळं एकच. एकाच माणसाच्या तीन दाखल्यांवर तीन स्पेलिंगं मी नेहमी पाहते. ‘आमच्याकडे शेवटी ई नाही म्हणून आम्ही वेगळे’ हा समज एकोणिसाव्या शतकापलीकडे टिकत नाही.

कुणाचं भारतात वास्तव्य असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदी पाहायच्या. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती जन्म, लग्न आणि दफनांच्या प्रती तिथे आहेत. पण त्या वाचताना एक लक्षात असू द्या: गव्हर्नरांच्या काळात त्या इलाख्यात मुलांची पाळण्यातली नावंही ‘एल्फिन्स्टन’ ठेवत, साहेबांचा मान म्हणून. नावात मधेच एल्फिन्स्टन आलं म्हणून नातं जुळत नाही.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरमालक विचारतील. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची चाचणी दोन एल्फिन्स्टन पुरुषांनी केली आणि जुळली, तर दोघांचा पूर्वज एक. तो सरदार होता की मिठागरावरचा मजूर, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ज्याची वंशावळ कागदाने पक्की आहे असा कुणी तुलनेला लागतो. आणि जुळली नाही तर नातं नाहीच असंही नव्हे, मधे एखादी मेरी एल्फिन्स्टन असू शकते.

मग तुमच्या घरमालकांचं काय? मी त्यांना खोटं ठरवणार नाही आणि खरंही मानणार नाही. मुलीला सांगा, त्यांना ‘तुम्ही लॉर्डांचे कोण’ असं विचारू नकोस. आजोबांचे वडील कुठे जन्मले, काय काम करत आणि कोणत्या चर्चला जात, एवढं विचार. उत्तर इन्व्हरुरी, पिटकॅपल, लोगी असं आलं तर मी त्या शाखेच्या धाकट्या मुलांकडे आणि इस्टेटीवरच्या कुळांकडे एकाच वेळी बघेन. एअर्थ किंवा डनमोर आलं तर मिठागरं आणि शेतमजुरांच्या नोंदींपासून सुरुवात करेन. ट्रॅनेंट आलं तर गव्हर्नरांची भावकी असण्याची शक्यता मी कमी धरेन, पण ते ज्या गावाच्या नावाने ओळखले जातात त्याच्या मातीतले असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त, आणि हे त्या लॉर्डांनाही १४३५ नंतर म्हणता आलं नसतं. वकील, सैन्यातला अधिकारी, पाद्री, कंपनीचा नोकर असं काम निघालं तर सरदार घराण्याच्या धाकट्या पातींकडे जायला कारण आहे, कारण धाकट्या मुलांना जमीन मिळत नसे आणि ती याच कामांना लागत. घरात एखादा १८५५ नंतरचा मृत्यूचा दाखला असेल तर त्यावरची आईवडिलांची नावं, त्यांचा व्यवसाय आणि माहिती देणाऱ्याची सही हे तीन रकाने जसेच्या तसे उतरवून मला पाठवा. माहिती देणारा मुलगा होता की शेजारी, त्यावर पुढच्या नावांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरतं.

घरमालकांच्या परवानगीशिवाय त्यांचं पूर्ण नाव किंवा पत्ता मात्र इथे टाकू नका. परगणा, पॅरिश आणि साल एवढ्यावरून मला सुरुवात करता येते.